नसलेल्या डोंगराचा रस्ता

३ मार्च

मायन्याची जागा कोरी सोडली आहे, राग मानू नका. आधी 'जावईबापू' लिहिलं होतं. तुमच्या सासूबाई खांद्यावरून वाचत होत्या. म्हणाल्या, "आता ते आपले कोण लागतात?" मी म्हटलं, मंत्री पडला तरी लोक त्याला माजी मंत्री म्हणतातच ना? तसे हे माजी जावई आणि मी माजी सासरा. गाडी गेली, बंगला गेला, नमस्कार तेवढा राहिला. त्यावर त्या स्वयंपाकघरात गेल्या आणि भांडी जरा जोरातच लावायला लागल्या. तो आवाज तुम्हाला ठाऊक आहे. शेवटी मी ते खोडलं आणि जागा तशीच ठेवली.

फोन केला असता, पण तुम्ही फोनवर 'हं' म्हणता. त्या 'हं'ला कुठून धरावं हे मला अजून कळलेलं नाही. पत्रात निदान मला माझं बोलणं पुरं करता येतं.

काम आहे. जरा विचित्र आहे, पण ऐकून घ्या.

तुमचं आणि लेकीचं मोडलं तेव्हा माझी आई खुब्याच्या ऑपरेशनसाठी दवाखान्यात होती. का मोडलं ते मी तेव्हा विचारलं नाही, आताही विचारत नाही. डॉक्टरांनी बजावलं होतं, म्हातारीच्या कानावर वाईट काही जाऊ देऊ नका. तिनं डोळे उघडले, सगळ्यांवरून नजर फिरवली आणि विचारलं, "नातजावई दिसत नाहीत?" आणि लेकीच्या तोंडून निघून गेलं, "त्यांची बदली झाली, आजी. डोंगरात."

डोंगरातच का, ते तिलाही सांगता येणार नाही. तुम्ही पाणीखात्यात नकाशे काढणार, आणि तुमच्या खात्याचे नळ तर सगळे सपाटीवर. पण आईचा चेहरा असा काही उजळला, की नंतर ते परत घ्यायची कुणाची छाती झाली नाही. "बरं झालं," म्हणाली, "हवा चांगली असेल."

झालं, तिथून जो डोंगर उगवला तो वाढतच गेला. तुमच्या सासूबाईंनी सांगितलं, तिथं ढग खिडकीतून आत येतात, कपडे म्हणून वाळत नाहीत. लेक एकदा बोलून गेली की घरासमोर तळं आहे. तुमची मुलगी, आपली भिंगरी, म्हणाली, घर इतकं उंच आहे की उडणाऱ्या पक्ष्यांची पाठ दिसते. पक्ष्यांची पाठ दिसायची तर घर कड्यावर हवं. मग समोर तळं कसं राहील? सांडून नाही जाणार? पण आईनं दोन्ही घेतलं. मी आपला लिफ्टच्या धंद्यातला माणूस, बंगल्याच्या पडवीत एक घंटा टांगून दिली. वारा आला की वाजते.

आता मी रोज संध्याकाळी वर्कशॉपमधून येतो, हात धुतो आणि आईच्या पलंगाशी बसतो. ती विचारते, "तिकडं आज काय?" मग मी सांगतो. आज धुकं तळ्यापर्यंत उतरलं होतं. आज नातजावई ओले बूट पडवीत ठेवून नकाशा काढत बसले. आज घंटा दुपारभर गप्प होती. हाताचा वंगणाचा वास जायच्या आत मी तिथं पोचलेला असतो. उभा जन्म मी लोकांना वर नेण्यात घालवला, पण माझं 'वर' म्हणजे गच्चीवरची मोटरची खोली. तिथून दिसतात त्या पाण्याच्या टाक्या. हे असलं वर मी कधी पाहिलेलं नाही, आणि तरी तिथली पायवाट मला पाठ झालीय. खोटं नाही सांगत, कधी कधी लिफ्टच्या खड्ड्यात उभा असताना, वरून दोरांचा तो बारीक गूं गूं आवाज येतो ना, त्यात मला ती घंटा ऐकू येते.

आता अडचण. आई म्हणते, सगळ्यांनी मिळून तिथं जायचं. ती, आम्ही दोघं, लेक, भिंगरी. "चार पिढ्या एका डोंगरावर, कशा शोभतील!" डॉक्टरांना विचारलं. ते म्हणाले, न्यायचं तर या उन्हाळ्यात न्या. पुढच्या वर्षाबद्दल मी विचारलं, तर त्यांनी चष्मा काढून पुसला.

डोंगर मी शोधतो. तुम्ही फक्त चार दिवस तिथं या आणि आधीपासून तिथंच असल्यासारखे उभे राहा. आम्ही पोचलो की "या" म्हणा. एवढंच. लेकीला यातलं काही सांगितलेलं नाही. सांगितलं तर ती मला वर्कशॉपमध्येच झोपायला पाठवेल.

आपला,
माजी


१९ मार्च

नकाशेवाले,

तुमचं पाकीट मिळालं. पाकिटात पत्र असेल म्हणून दोनदा झटकलं. पत्र नाही, नुसता नकाशा.

तो मी वर्कशॉपमध्ये उघडला. आमचे मिस्त्री शेजारी होते. ते म्हणाले, "साहेब, ही साइट कुठली?" मी म्हटलं, नाहीय. ते म्हणाले, "मग एवढी बारीक आखलीय कशाला?" याचं उत्तर तुम्हीच द्या.

काय डोकं चालवलंत हो! घर कड्याच्या पाठीवर, तोंड तळ्याकडे आणि मागची खिडकी दरीवर. म्हणजे पुढून लेकीचं तळं आणि मागून भिंगरीचे पक्षी. ढग दरीतून चढतात आणि मागच्या खिडकीनं आत येतात, म्हणजे सासूबाईही खऱ्या ठरल्या. घंटा कुठं लागावी म्हणून वाऱ्याची दिशासुद्धा बाण काढून दाखवलीत. आम्ही एवढे महिने थापा मारत होतो, पण त्यात एकही चूक नव्हती हे आम्हाला आजच कळलं.

आईला दाखवला. तिनं पांघरुणावर पसरून घेतला आणि बोटानं पायवाटेवर चालायला लागली. चढ आला की बोट हळू. तळ्यापाशी थांबून दम खाल्ला. "इथं बसायला दगड आहे का रे?" मी म्हटलं, आहे. खरंच तुम्ही तिथं एक बारीक चौकोन काढलाय. तो दगडच ना?

लेक घरी आली तेव्हा नकाशा पलंगावर तसाच होता. तिनं बघितला. अक्षर ओळखलं. मला वाटलं आता भडका उडतो. पण ती उभीच राहिली, खांद्याची पिशवीसुद्धा न उतरवता. मग म्हणाली, "यांचं असंच असतं, बाबा. सगळं मनात आखून ठेवायचं. कुठं काय आहे, कोण कुठं बसेल, सगळं. आणि बोलायचं काही नाही. मी त्या घरात कुठं चुकत होते, तेसुद्धा मला शोधून काढावं लागायचं."

मी नकाशाची घडी घालून ठेवली. तुम्हाला कळवू नये, असंही वाटलं. पण माझे कान असे आहेत की ऐकलेलं आत राहत नाही.

येणार की नाही, ते मात्र नकाशात कुठं सापडलं नाही.


८ एप्रिल

नकाशेवाले,

डोंगर मिळाला.

नावाजलेल्या डोंगरांचा विचारच केला नाही. तिथं पावलापावलाला पाट्या असतात, आणि आईला पाट्या मोठ्यानं वाचायची सवय आहे. शिवाय तिथं एखादा हौशी माणूस भेटतोच जो सांगतो, "छे, इथं पाणीखात्याचं ऑफिस कधीच नव्हतं." तेव्हा मला असा डोंगर हवा होता की ज्याच्याबद्दल कुणालाच काही ठाऊक नाही. मिस्त्रींना घेऊन निघालो. पहिल्या ठिकाणी तळं होतं, पण आजूबाजूला सगळं मोकळं रान. ढगांना यायचं तर विमानानंच यावं लागलं असतं. दुसऱ्या ठिकाणी धुकं इतकं दाट की डोंगर आहे की नाही, ते आम्हाला बघताच आलं नाही. मिस्त्री म्हणाले, "हाच घ्या साहेब, यात काहीही खपेल." मोह झाला होता, कबूल करतो.

तिसऱ्याच्या पायथ्याशी रस्ता संपतो. दुधाची गाडी तिथपर्यंत येते आणि वळते. पुढे पायवाट. वर पूर्वी हवामानाची मोजणी व्हायची, त्या लोकांचा रिकामा बंगला आहे. आता वनखात्याकडे आहे. अर्ज केला की राहायला मिळतो, पण अर्ज कुणी करत नाही. कपाटात पाहुण्यांच्या चादरी घडीच्या घडी पडून, त्यांना कापराचा वास.

दुपार कलत होती. मी मागची खिडकी उघडली आणि थोड्या वेळानं ढग आत आला. सावकाश. ओळखीच्या घरी आल्यासारखा टेबलाला वळसा घालून पुढच्या दारानं बाहेर गेला. पुढं तळं आहे, तुमच्या नकाशातल्यापेक्षा लहान, पण पाणी काळंशार आणि इतकं स्वस्थ की त्यात मला माझं टक्कल स्वच्छ दिसलं. मी काठावर बसलो. मला असं वाटलं की मी इथं पहिल्यांदा आलेलो नाही, रोज संध्याकाळी येऊन जातोय, आणि आज फक्त बूट घालून आलोय. मिस्त्री दोनदा हाक मारून गेले म्हणे. माझ्या कानांना हाक ऐकू आली नाही, असं आयुष्यात पहिल्यांदा झालं.

घंटा तेवढी नव्हती. ती मी लावली. मिस्त्री म्हणाले, "बदली साहेबांची झाली आणि फिटिंग आपण करतोय."

चढावर आईला नेण्यासाठी खुर्ची केलीय, दोराची, हातानं फिरवायच्या रहाटावर. आमच्यात रीत आहे की लिफ्ट ताब्यात द्यायच्या आधी बनवणाऱ्यानं पहिल्यांदा स्वतः बसायचं. मी बसलो. मिस्त्री फिरवत होते. झाडांच्या शेंड्यांमधून पाय लोंबकळत वर जाताना मी, एवढा मोठा माणूस, मोठ्यानं हसत होतो.

सगळी तयारी झाली. आता तुम्ही तेवढे नाही आहात. मेच्या मध्याला निघतोय. हो किंवा नाही, एका अक्षरात कळवलंत तरी चालेल. 'हं'सुद्धा चालेल.


२ मे

हे पत्र लिहायला मला जड जातंय.

परवा मी लवकर घरी आलो. आईच्या खोलीबाहेरचं बटण सैल झालं होतं, ते स्टुलावर चढून बघत होतो. आत आई आणि भिंगरी. भिंगरीची शाळेची पिशवी भरणं चाललं होतं, ती बहुतेक डोंगराचीच तयारी.

भिंगरी म्हणाली, "पणजी, एक सांगू? कुणाला सांगणार नाहीस ना?"

"माझ्याशी बोलतंय कोण, मी सांगायला?"

"बाबा डोंगरात राहत नाहीत. ते मला बागेच्या फाटकाशी भेटतात. बसनं येतात."

मी स्टुलावर गार.

आई म्हणाली, "ठाऊक आहे मला. दवाखान्यात तुझी आजी उशाशी बसून सगळं बोलत होती. ऑपरेशन माझ्या खुब्याचं झालं होतं, कानाचं नव्हे."

"मग तू आबांना रोज का विचारतेस?"

आईनं पिशवीचा बंद आवळला. मग म्हणाली, "तुझे आबा पूर्वी घरी यायचे, जेवायचे आणि झोपायचे. लेकरू माझं, पण त्याच्या पोटात काय आहे ते मला कधी दिसलं नाही. आता रोज तासभर बसतो माझ्यापाशी. कसलं कसलं सांगतो, ढग काय, घंटा काय! मी का त्याचं बोलणं बंद करू?"

मी बटण तसंच सोडून खाली उतरलो आणि रस्त्यावर फिरून आलो. परत आलो तेव्हा आईनं नेहमीसारखं विचारलं, आणि मी सांगितलं. आवाज जरा घोगरा होता. सर्दी झालीय म्हटलं. तिनं ऐकून घेतलं.

तर आता असं झालंय की तुम्हाला बोलवायला माझ्यापाशी कारणच उरलेलं नाही. आईला फसवायचं नाही. देखावा करायचा नाही. दोन दिवस मी विचार करतोय की मग मला तुम्ही तिथं कशाला हवे आहात. दर रविवारी तुम्ही आमच्याकडे यायचात. जेवण झालं की मी बडबड करायचो आणि तुम्ही 'हं' म्हणत ऐकायचात. मला वाटायचं, हा माणूस कंटाळलाय. आता कळतंय की त्या 'हं'वर टेकून मी बोलत होतो. भिंत काढून घेतल्यावर कळावं तसं. मला मुलगा नाही. असता तरी तो एवढं ऐकून घेता, असं वाटत नाही. तुम्ही यावं असं मला वाटतं, माझ्यासाठी. बस्स.

लेकीला सगळं सांगितलं. पत्रं, नकाशा, खुर्ची, सगळं. ती रागावली. रागावली म्हणजे कशी, ते तुम्हाला सांगायला नको. मग गॅलरीत जाऊन उभी राहिली. मी मागे गेलो. म्हणाली, "बोलवा त्यांना. पण बाबा, जुळवाजुळव करायला जाल तर मी त्याच दुधाच्या गाडीनं खाली उतरेन. माझं ठरलंय ते ठरलंय. ते वाईट नाहीत. पण मी त्या गप्प घरात परत जाणार नाही."

तिच्या शब्दांत सांगितलं. माझं मीठ-मिरची काही नाही.

तर कुणाचे कोण म्हणून नका येऊ. नुसते या.


१८ मे, डोंगरावरून

तुमचं पत्र निघताना मिळालं. पहिल्यांदाच नकाशा नाही, अक्षरं. तीही एवढीच: 'मी आलो तर मला परत खाली उतरता येणार नाही. म्हणून येत नाही. खुर्चीचा दोर वर घासायला नको, तिथं लाकूड बसवा.'

लाकूड बसवलं. दोर खरंच घासत होता.

पत्र मी गाडीत आईला वाचून दाखवलं. आता लपवायचं काय राहिलं होतं? ती म्हणाली, "शहाणा आहे." लेक पुढच्या सीटवर होती, खिडकीबाहेर बघत. तिच्या मानेवरून मला कळलं की तिनं ऐकलं.

आम्ही वर आहोत. आई खुर्चीतून आली, डोळे मिटून नव्हे, चांगले उघडे ठेवून, आणि येता येता मिस्त्रींना सांगत होती, "हळू रे, मला बघू तरी दे." सासूबाईंनी आल्या आल्या कपडे धुतले आणि ते तीन दिवस वाळलेले नाहीत, याचा त्यांना कोण आनंद! भिंगरी मागच्या खिडकीत पोटावर पडून असते. काल एक घार खालून गेली, तिच्या पाठीवर ऊन पडलं होतं. भिंगरी ओरडली नाही, तिनं फक्त माझा हात धरला.

सकाळी इथं आवाजच नसतो. एवढी शांतता मी कधी ऐकली नव्हती. थोड्या वेळानं त्यातले पदर कळायला लागतात. गवतावरून पाणी निथळतं तो एक, छपराचा पत्रा उन्हानं तडतडतो तो एक. लेक तळ्याच्या काठी पुस्तक घेऊन बसते आणि पान उलटत नाही. मी जवळ जात नाही. ती रडत नाही, एवढं इथून दिसतं. काल तिथंच पाणी उडवत हसताना दिसली.

संध्याकाळी आईला शालीत गुंडाळून पडवीत बसवलं. धुकं तळ्यावर उतरत होतं, जसं मी सांगायचो तसंच, जरा हळूच. मी सवयीनं सांगायला तोंड उघडलं, तर ती म्हणाली, "पुरे. हे मला दिसतंय. तो खरा कुठं राहतो, ते सांग."

मी तिची शाल सारखी केली.

"त्याची खोली कशी आहे? खिडकी कुठं उघडते? जेवतो कुठं?"

मला एकही गोष्ट सांगता आली नाही. दीड वर्ष मी तुमचे ओले बूट, तुमचं टेबल, तुमची पायवाट सांगत आलो. आणि तुम्ही ज्या खोलीत हे पत्र उघडाल, तिथं दिवा डाव्या हाताला आहे की उजव्या, हे मला माहीत नाही. आई माझ्याकडे बघत राहिली. म्हणाली, "एवढा डोंगर उभा केलास आणि माणसाचं काही विचारलं नाहीस होय रे?"

मग तिनं ठरवून टाकलं. ती ठरवते तेव्हा डॉक्टरही चष्मा परत घालतात. थंडी पडायच्या आत ती तुमच्याकडे येणार आहे. सपाटीवर. म्हणाली, "डोंगर बघून झाला." मी लेकीकडे बघितलं. ती चादरींच्या घड्या घालत होती. म्हणाली, "मी येणार नाही. पण तुम्ही जा. भिंगरीलाही न्या, तिला फाटकाच्या आतलं काही तरी बघू दे." आणि थोड्या वेळानं, घडी घालता घालताच, "त्यांना आधी विचारा मात्र. गृहीत धरू नका."

म्हणून विचारतो. आम्ही येऊ का? आई, तुमच्या सासूबाई, भिंगरी आणि मी. सासूबाईंनी स्वतःहून नाव घातलंय, मी नव्हे.

यायचं असेल तर असं कळवा. तुमचा जिना किती रुंद आहे? वळणावर खुर्ची फिरेल का? इमारतीला लिफ्ट असेल तर ती मजल्याशी थांबताना दचकते का, नीट ऐकून लिहा. खालची शेजारीण तिरसट असेल तर तेही लिहा, आईला अशांशी बोलायला आवडतं. झोपायला जमीन पुरे. आणि या वेळी आखून पाठवू नका, चार ओळी लिहा. वेड्यावाकड्या चालतील.

दुधाची गाडी खाली हॉर्न वाजवतेय, हे पत्र तिच्याबरोबरच जाईल. आई आतून ओरडतेय. अजून काय राहिलं म्हणून विचारलं तर म्हणते, "लिही त्याला, आम्ही येणार म्हणून घर आवरून ठेवू नकोस म्हणावं. आहे तसंच बघायचंय."